पाणी उपसायचे, धुवायचे आणि परत जमिनीत घालायचे



हंगाम आटोपला, बॉयलर थंड झाले, की शिवारात बोलणे निघते ते पाण्याचे. कुणाची विहीर तळाला गेली, कुणाचा बोअर नुसती हवा ओकू लागला, पाटाचे आवर्तन कधी सुटणार, हे सगळे नेहमीचेच. पण गेल्या काही वर्षांपासून गट ऑफिसात आणि सभेतही एक वेगळा प्रश्न आमच्या कानावर येऊ लागला आहे. पाणी आहे हो, पण चांगलं आहे का? ज्यांच्या विहिरी एखाद्या आसवनीच्या, कारखानदारीच्या किंवा गावाच्या सांडपाण्याच्या खालच्या अंगाला आहेत, त्यांना हा प्रश्न जास्त टोचतो. आणि त्याच्या मागोमाग दुसरा येतो, तो अधिक अवघड. जमिनीतलं पाणी एकदा नासलं तर ते पुन्हा सुधारता येतं का? आणि सुधारलं असं कुणी सांगितलं, तर ते खरं कशावरून मानायचं?

या दुसऱ्या प्रश्नासाठी आम्हाला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा एका जागेचा इतिहास जास्त उपयोगाचा वाटला. जागा फार लांबची आहे. अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या ईशान्येला. पण तिथली माणसे आपल्याला परकी वाटायची नाहीत. साउथ प्लॅट नदीचे ते खोरे. कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावर शेती. नगदी पीक म्हणजे साखरेचे बीट. ब्राइटन नावाच्या गावी ग्रेट वेस्टर्न कंपनीचा साखर कारखानाही होता. (त्या मुलखातल्या बीट उत्पादकांनी २००२ साली कारखाने विकत घेऊन स्वतःची सहकारी संस्था काढली, हे जाता जाता सांगायला आम्हाला बरे वाटते.)

दुष्काळाने फोडलेली वाचा

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ साली अमेरिकी सैन्याने तिथे सुमारे २७ चौरस मैल जमीन ताब्यात घेऊन रॉकी माउंटन आर्सेनल नावाचा रासायनिक शस्त्रांचा कारखाना उभारला. महायुद्धानंतर त्यातला काही भाग खाजगी कंपन्यांना भाड्याने दिला गेला आणि तिथे कीटकनाशके तयार होऊ लागली. १९५२ पासून १९८२ पर्यंत शेल कंपनीचे उत्पादन तिथे चालू होते. आल्ड्रिन आणि डिल्ड्रिन ही नावे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असतील. वाळवीसाठी लागणीच्या वेळी सरीत आल्ड्रिनची पावडर टाकायचा रिवाज आपल्याकडेही होता. पुढे आपल्या देशातही त्याच्यावर बंदी आली.

एवढ्या कारखान्यांचे सांडपाणी जायचे कुठे? १९४३ पासून १९५६ पर्यंत ते अस्तर नसलेल्या उघड्या तळ्यांत सोडले गेले. खाली वाळू-रेतीचा गाळाचा थर, त्याच्या खाली डेन्व्हर फॉर्मेशन नावाचा मऊ खडक. तळ्यातले पाणी काही उडून जाई, काही मुरून जाई. मुरले म्हणजे संपले, अशीच त्या काळी समजूत होती. आपल्याकडे ती अजून पुरती गेली आहे असे आम्हाला वाटत नाही.

मुरलेले पाणी संपले नव्हते. ते वायव्येला, नदीच्या दिशेने, शेतकऱ्यांच्या विहिरींकडे सावकाश निघाले होते. १९५४ साली त्या भागात पाऊस नेहमीच्या निम्म्याच्या आसपास पडला. शेतकऱ्यांनी विहिरींवर जोर दिला, एरवीपेक्षा जास्त उपसा केला, आणि त्याच वर्षी पिके जळाल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात आल्या. दुष्काळात असे का झाले हे आपल्याला समजावून सांगायला नको. वरून धुऊन नेणारा पाऊस नाही, कालव्याचे पाणी तुटपुंजे, आणि पंप चालू म्हणून विहिरीकडे ओढ जास्त. विहिरीतले वाईट दिवस चांगल्या पावसात झाकले जातात, दुष्काळात उघडे पडतात.

मग अभ्यास झाले. तळ्यांजवळच्या भूजलात क्लोराइड म्हणजे मिठाचा अंश लिटरला ५,००० मिलिग्रॅमच्या घरात सापडला. त्या भागातल्या चांगल्या पाण्यात तो ४० ते १५० असायचा. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बीट हे क्षार सोसणारे पीक आहे. जमिनीच्या अर्काची क्षारता ७ डेसिसायमनपर्यंत गेली तरी बीट उतारा टिकवून धरते. आपल्या उसाचा उतारा १.७ च्या पुढेच घसरायला लागतो. त्यांच्या मुलखाला जे पाणी जड गेले, ते आपल्या उसाला किती जड जाईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

१९५६ मध्ये ९३ एकरांचे नवे तळे बांधून त्याला डांबराचे अस्तर दिले. त्याने बराच फरक पडला. १९७२ पर्यंत क्लोराइडचे प्रमाण खाली आले. वरून मुरणारे कालव्याचे आणि शेताचे पाणी मिसळत गेले, त्याचाही हातभार लागला. परंतु १९७३-७४ मध्ये पुन्हा पिकांच्या आणि जनावरांच्या नुकसानीच्या तक्रारी आल्या. या वेळी पाण्यात नुसते मीठ शोधले नाही. मज्जासंस्थेवर घाला घालणारा विषारी वायू तयार करताना निघणारा 'डीआयएमपी' नावाचा पदार्थ शोधला. तो जुन्या तळ्यांजवळ दशलक्षात ४८ भाग निघाला, आणि तिथून सुमारे आठ मैल खाली एका विहिरीत अब्जात ०.५७ भाग. म्हणजे ८४ हजार पटींनी पातळ, पण होता. त्या विहिरीच्या खाली एका मैलावर ब्राइटन गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरी होत्या. १९७५ साली राज्याच्या आरोग्य खात्याने सैन्याला आणि कंपनीला आदेश काढला, की हे पाणी हद्दीबाहेर जाणे थांबवा.

एक उपाय आधीच अंगाशी आला होता

सांडपाणी जमिनीत घालण्याचा एक वेगळा प्रयोग त्या जागी याआधीच झाला होता. नाव तेच असल्याने घोटाळा होतो, म्हणून तो इथे सांगणे भाग आहे. १९६१ साली त्यांनी १२,०४५ फूट खोल बोअर घेतला आणि मार्च १९६२ पासून सांडपाणी दाबाने त्यात ढकलायला सुरुवात केली. दृष्टीआड सृष्टी! थोड्याच दिवसांत डेन्व्हरच्या परिसरात, जिथे भूकंप क्वचितच जाणवत, तिथे जमीन हादरू लागली. १९६५ साली एका भूगर्भशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पाणी जास्त ढकलले की धक्के जास्त आणि थांबवले की कमी. १९६६ च्या फेब्रुवारीत ते काम बंद झाले. तोवर साडेसोळा कोटी गॅलन पाणी खाली गेले होते. बंद केल्यावरही धक्के लगेच थांबले नाहीत. त्यातले मोठे १९६७ सालीच बसले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला. तिथे पाणी ढकलले नव्हते, धरणात साठले होते. पण खडकाच्या भेगांत पाण्याचा दाब वाढला म्हणजे काय होते, याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही ही दोन नावे शेजारी शेजारी घेतात.

तो बोअर घाण दडवण्यासाठी होता. आता आम्ही ज्या विहिरींबद्दल सांगणार आहोत, त्यांत धुतलेले पाणी वरच्या थरात, ज्या थरातून काढले त्याच थरात परत घातले जाते. दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

भिंत, दोन ओळी आणि मधे कोळसा

आदेश आल्यावर सगळी जागा एकदम साफ करणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी ठरवले की आधी शिवेवर नाकेबंदी करायची. उत्तर हद्दीवर १९७८ साली एक प्रायोगिक यंत्रणा बसवली. प्रथम जमिनीत सुमारे १,५०० फूट लांब, तीन फूट रुंद आणि अंदाजे पंचवीस फूट खोल चर खणला. खालच्या खडकात रुतेल इतका. तो माती आणि बेंटोनाइट यांच्या चिखलाने भरून काढला. बेंटोनाइट म्हणजे पाणी लागले की फुगणारी चिकणमाती. पाझर तलावाच्या बांधाखाली आपण काळ्या मातीने चर भरतो, तीच कल्पना. फरक इतकाच, की इथे वर बांध नाही. सगळा बांध जमिनीच्या पोटात.

भिंतीच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून घाण पाणी येते तिकडे, उपसा विहिरींची ओळ. ते पाणी पंपाने एका ठिकाणी आणायचे, दाणेदार सक्रिय कोळशाच्या टाक्यांतून गाळायचे आणि भिंतीच्या खालच्या अंगाला भरणा विहिरींच्या ओळीतून परत जमिनीत सोडायचे. हा कोळसा साखर शुद्ध करणाऱ्यांना नवा नाही. रसातला रंग काढायला शुद्धीकरण कारखान्यांत तो वापरतातच. कोळशाच्या कणाकणात सूक्ष्म छिद्रे असतात, सेंद्रिय द्रव्ये त्यांना चिकटून बसतात. कोळसा भरला की बदलायचा.

आता कुणीही विचारेल, की पाणी धुतले ना, मग ते नदीत सोडून मोकळे व्हा. परत जमिनीत घालायचा एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि आमच्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथेच आहे. खालच्या शेतकऱ्यांच्या विहिरी त्याच थरावर जगतात. वरून पाणी अडवले आणि खाली काहीच दिले नाही, तर घाण जाईल खरी, पण विहिरीही जातील. कोलोरॅडोत पाण्याचा हक्क ज्याने आधी वापरायला सुरुवात केली त्याचा आधी, असा कायदा आहे आणि तो कडक पाळला जातो. दुसरे कारण यंत्रणेच्याच कामाचे आहे, ते पुढे येईल.

चालते की नाही, हे कसे ओळखायचे

पंप चालू आहेत, टाकीतून स्वच्छ पाणी बाहेर पडते आहे, एवढ्यावर यंत्रणा चालली असे म्हणता येत नाही. टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ आहे म्हणजे कोळसा चांगला आहे. जमिनीतले पाणी अडले की नाही, हे त्यातून कळत नाही. नुसते "इतके कोटी गॅलन शुद्ध केले" असे आकडे कुणी दाखवले, तर त्याला पुढचे विचारावे.

पहिले विचारायचे ते ढाळाबद्दल. पाण्याची जमिनीतली वाट आपल्या पाटासारखीच असते, उंचावरून सखलाकडे. भिंतीच्या वरच्या अंगाला उपसा केल्याने पातळी खाली गेली पाहिजे, खालच्या अंगाला भरणा केल्याने ती वर आली पाहिजे. म्हणजे भिंतीपाशी ढाळ उलटा व्हायला हवा. खालची बाजू उंच, वरची बाजू सखल. हे साधले की भिंतीला कुठे चीर असली तरी चिंता नाही. चिरेतून वाहिलेच तर धुतलेले पाणी आत येईल, घाण बाहेर जाणार नाही. नुसत्या भिंतीवर कुणी शहाणा विसंबत नाही. मातीचे काम आहे, कुठे तरी कच राहणारच. म्हणून दोन्ही अंगांना निरीक्षण विहिरी घेतात. त्यांतून पाणी उपसायचे नाही, फक्त टेप सोडून पातळी मोजायची आणि नमुना काढायचा. वरच्या विहिरीची आणि समोरच्या खालच्या विहिरीची पातळी जोडीने लिहायची. जिथे वरची पातळी जास्त भरली, तिथे नाकेबंदी फुटली असे समजायचे, मग प्रयोगशाळेचा कागद काही म्हणो.

दुसरे विचारायचे ते टोकांबद्दल. दीड हजार फुटांची भिंत घातली, पण घाण पाण्याचा पट्टा त्याहून रुंद असेल तर? पाटात आडवा दगड ठेवला तर पाणी कडेने वाट काढतेच. म्हणून भिंतीच्या दोन्ही टोकांपलीकडेही निरीक्षण विहिरी हव्यात. त्यांचे पुढे काय झाले, तर १९८१ साली ती भिंत ६,७४० फुटांपर्यंत, म्हणजे सव्वा मैलाहून जास्त वाढवली गेली. आधी तुकड्यावर करून बघितले, विहिरी, कोळसा, भिंत एकत्र काम करतात असे दिसले, मग पसारा वाढवला. आपण नवीन उसाची जात आधी दहा गुंठ्यांत लावून बघतो, त्यातलेच हे. पण दहा गुंठ्यांतला उतारा एकराला लावताना जशी गडबड होते, तशी ती इथेही झाली. ते पुढे.

तिसरे, नमुना कुठल्या विहिरीतून घेतला? ही चलाखी सभासदांनी नीट समजून घ्यावी. भरणा विहिरीच्या अगदी शेजारच्या विहिरीतले पाणी नेहमीच स्वच्छ येणार, कारण ते आपणच ओतलेले असते. ते बघून "बघा, पाणी सुधारलं" म्हणणे म्हणजे आपल्याच हौदातले पाणी भरून नदी नितळ झाली म्हणण्यासारखे आहे. दोन भरणा विहिरींच्या मधे आणि त्यांच्या बरेच खाली घेतलेले नमुनेच खरे बोलतात. तेही एक-दोन नव्हे. ओळीने, त्याच विहिरींतून, त्याच हंगामात, वर्षानुवर्षे.

चौथे, शोधले काय? सक्रिय कोळसा सेंद्रिय द्रव्ये धरतो, मीठ धरत नाही. क्लोराइड त्यातून सरळ पार जाते. आर्सेनलच्या पाण्यातले क्लोराइड कमी व्हायला तिथल्या अधिकाऱ्यांनी शेवटी काळावर आणि मिसळणाऱ्या पाण्यावरच भिस्त ठेवली. पुढे १९९० च्या दशकात रॉकेटच्या इंधनातून आलेला एक पदार्थ त्या पाण्यात सापडला. तोही कोळशाला नीट दाद देईना, तेव्हा अतिनील किरणांची वेगळी सोय जोडावी लागली. जे तपासलेच नाही ते कागदावर कधीच सापडत नाही, ही साधी गोष्ट आहे.

भरणा विहिरी चोंदल्या

आता त्या गडबडीविषयी. जमिनीतून पाणी काढणे सोपे, परत घालणे अवघड. एखाद्या विहिरीतून जितके पाणी उपसता येते, तितकेच तिच्यात ओतता येईल अशी खात्री नसते. ठिबकच्या तोट्या कशाने चोंदतात हे आपल्याला पाठ आहे: बारीक गाळ, लोखंडाचा तांबेरा, शेवाळ, क्षार. भरणा विहिरीच्या जाळीला हेच सगळे होते. त्यात कोळशाची बारीक भुकटी आणि पाण्याबरोबर गेलेले हवेचे बुडबुडे यांची भर. महिना-दोन महिन्यांत विहिरीची भूक मंदावते. मग ती धुवा, उलटा उपसा करा, पुन्हा चालू करा.

भूक मंदावली की काय होते ते बघा. खाली घालता येत नाही म्हणून वरचा उपसाही कमी करावा लागतो. उपसा कमी झाला की भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी चढते, खालच्या अंगाला उतरते. म्हणजे ढाळ परत पहिल्यासारखा, घाणीच्या सोयीचा. पंप फिरतच असतात, टाकीतून स्वच्छ पाणीही येत असते, आणि तरी यंत्रणा आपले मुख्य काम करीत नसते. उत्तर हद्दीवर भरणा विहिरींची ताकद अपुरी पडली. तेव्हा १९८८ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये विहिरींच्या जोडीला खडीने भरलेले लांब चर काढून त्यांतून पाणी मुरवायला सुरुवात झाली. चराचा पसारा मोठा, त्यामुळे तो एकदम चोंदत नाही. त्यानंतर ढाळ पुष्कळ भागात हवा तसा उलटा झाला. हे दुखणे टाकीच्या पाण्याच्या तपासणीत दिसण्यासारखे नव्हते. ते दाखवणारे साधन म्हणजे निरीक्षण विहिरीतली टेप.

त्याच आर्सेनलच्या पश्चिमेकडे, इरॉनडेल भागात, १९८१ साली भिंत न घालता नुसत्या उपसा आणि भरणा विहिरींच्या ओळींनी पाणी अडवण्याची यंत्रणा उभी राहिली. तिथल्या पाण्यात सूत्रकृमींवरच्या औषधाचा अंश होता. ती चांगली चालली आणि ठरवलेली पातळी गाठल्यावर पुढे बंदही करता आली. मात्र बंद करणे हीसुद्धा एक परीक्षाच असते. पंप थांबवल्यावर चिकणमातीच्या थरांत अडकलेली घाण हळूहळू बाहेर येते आणि आकडे परत चढू शकतात. म्हणून बंद केल्यावरही पुढे काही वर्षे नमुने घेत राहावे लागते.

आणि जे पाणी १९७८ च्या आधीच हद्दीबाहेर निघून गेले होते, त्याचे काय? शिवेवरची नाकेबंदी त्याला काय करणार? त्यासाठी १९९३ मध्ये हद्दीबाहेर, शेतकऱ्यांच्या बाजूला, वेगळी उपसा-भरणा यंत्रणा बसवावी लागली. १९५४ साली पिके जळाली आणि ही यंत्रणा आली १९९३ साली. मधे एकोणचाळीस वर्षे गेली. आज त्यातल्या बहुतेक जागेवर अभयारण्य आहे, गवे चरतात, जमिनीवरची सफाई २०१० मध्ये पुरी झाली. एकंदर खर्च दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला. पण उत्तर हद्दीवरचे पंप अजून चालूच आहेत. हे काही त्या एका जागेचे दुर्दैव नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली अशा ७७ जागांचा आढावा घेतला, तर त्यांपैकी ६९ ठिकाणी ठरवलेले ध्येय तोवर गाठलेले नव्हते. पाणी अडवायला ही पद्धत चांगली, संपूर्ण धुऊन काढायला फार सावकाश.

आपल्या शिवारात

आपला खडक वेगळा आहे. वर काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण. पाणी वाळूतून सारखे झिरपत नाही, भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून पळते. म्हणून एका विहिरीचे पाणी लाल आणि बांधाला बांध लागून असलेली दुसरी नितळ, असे आपल्याकडे घडते. पंचवीस फुटांची भिंत घालून नाकेबंदी होईल अशी जागा आपल्याकडे नदीकाठचा गाळपट्टा सोडला तर फारशी नाही. उपसा आणि भरणा करायचे तर कुठली भेग कुठे जाते, हे आधी पंप लावून, शेजारच्या विहिरींची पातळी मोजून शोधावे लागेल. खर्च किती येईल याचा अंदाज वरच्या मजकुरावरून यावा.

मळीपासून एक लिटर मद्यार्क काढला की आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निघतो. त्यात पालाश आहे, तसे क्लोराइडही आहे, आणि तो गडद तपकिरी रंग. रंग कोळशाने काही प्रमाणात निघेल. मीठ निघणार नाही. तेव्हा स्पेंट वॉशच्या हौदाचे अस्तर फाटले आहे का, पावसाळ्यात तो ओसंडतो का, कंपोस्टच्या पटांगणाखाली फरशी आहे का, हे आसवनी चालवणाऱ्याला विचारण्याचा सभासदाला पूर्ण हक्क आहे. ती आसवनी आपल्या मालकीची असली तरीही. तेव्हा तर जास्तच. सांडपाणी बोअरमध्ये सोडून मोकळे होण्याचे प्रकार कुठे कुठे होतात असे ऐकू येते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २४ व्या कलमाने विहिरीत दूषित द्रव्य जाऊ देण्याला मनाई केली आहे, आणि बोअर ही विहीरच आहे.

आता सभासदांच्या हातात काय आहे, तर टेप आणि बाटली. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करावी आणि तिथूनच दर वेळी माप घ्यावे. खूण बदलली की मापाला अर्थ राहत नाही. माप सकाळी, मोटार चालू करण्याआधी. वर्षातून दोनदा तरी, पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरअखेर. मापाच्या दिवशीच पाण्याचा नमुना घ्यावा. बोअर असेल तर मोटार थोडा वेळ चालू ठेवून मग. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी, वर गट नंबर, तारीख, पाण्याची खोली आणि विहीर की बोअर ते लिहावे. औषधाची किंवा खताची रिकामी बाटली आणू नये. गेल्या खेपेस अशा बाटल्या बऱ्याच आल्या. नमुना त्याच दिवशी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत पोहोचवावा आणि क्षारतेबरोबर क्लोराइडही तपासून मागावे. शेजाऱ्याला बरोबर घेता आले तर उत्तम. वरच्या अंगाची एक विहीर आणि खालच्या अंगाची एक, अशा जोडीचे आकडे एकट्या विहिरीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त सांगतात. निकालाचा कागद उसाच्या बिलाच्या फाइलीतच लावून ठेवावा; ती फाइल कुणी हरवत नाही.